स्वस्तातला लॅपटॉप घरासाठी घ्यावा का? घ्यायचाच असेल तर असा घ्या

"ताई, पंचवीस हजारात लॅपटॉप येईल का गं बरा?" हा प्रश्न दर जूनमध्ये आणि दर दिवाळीत मला चार जण तरी विचारतात, कारण आमच्या अख्ख्या भावकीत कॉम्प्युटरचं काही अडलं की फोन मलाच येतो. मी इंजिनिअर वगैरे काही नाही हं. कराडला पतपेढीत नोकरी करते, दिवसभर स्क्रीनसमोर असते, आणि गेल्या पाच-सहा वर्षांत घरात तीन स्वस्तातली मशीन आणलीत. त्यातलं एक साफ फसलं, एक अजून चालतंय पण उघडताना दोन्ही हात लावावे लागतात, आणि तिसरं इतकं बरं निघालं की आता नणंदेला पण तसलंच हवंय.

उत्तर आधीच देऊन टाकते म्हणजे ज्यांना घाई आहे ते मोकळे. घरच्या रोजच्या कामाला स्वस्तातला लॅपटॉप चालतो. आतला प्रोसेसर, म्हणजे मशीनचा मेंदू, बहुतेक वेळा इंटेलचा नाहीतर एएमडीचाच असतो, महागातल्या मशीनमध्ये पण ह्याच दोन कंपन्या जास्त करून असतात, आणि प्रोसेसर जळाला असं मी तरी अजून आमच्यात कुणाचं ऐकलं नाही. मोडतं ते हिंज, म्हणजे झाकणाची बिजागरी, मरते ती बॅटरी, हरवतो तो चार्जर. खरी पंचाईत त्यानंतर होते, कारण पार्ट मिळत नाही, सर्व्हिस सेंटर लांब, आणि साध्या प्लास्टिकच्या तुकड्यापायी सगळं मशीन धूळ खात पडतं. म्हणून खालच्या पायऱ्यांमध्ये मी रॅम-प्रोसेसरइतकंच ह्या भानगडींवर लिहिलंय, दुकानात ह्याबद्दल कुणी बोलत नाही.

१. आधी कामं लिहून काढा

कागदावर लिहा, मनात नको. आमची यादी अशी होती: सासऱ्यांना सातबारा काढायचा असतो, पेन्शनचं बघायचं असतं आणि दुपारी यूट्यूबवर कीर्तन, मुलाला शाळेचं पीपीटी आणि पुढे सीईटीचे फॉर्म, मला एक्सेल आणि कधीतरी घरून काम, नवऱ्याला बातम्या आणि क्रिकेट. ह्यातल्या कशालाही भारी मशीन लागत नाही.

पण यादीत ऑटोकॅड, व्हिडिओ एडिटिंग किंवा पोराचे मोठे गेम असतील तर पुढचं वाचू नका, स्वस्तातलं घेऊन नुसती चिडचिड होईल.

अजून एक बघा, यादीत हिशोबाचं टॅली, मराठी टायपिंगचं श्रीलिपी किंवा डिजिटल सिग्नेचरचा टोकन (ऑनलाइन सहीचा पेनड्राइव्हसारखा तुकडा) असेल तर तुम्हाला विंडोजच पाहिजे. बाजारात अँड्रॉइडवर बेतलेली सिस्टीम असलेले स्वस्त लॅपटॉप पण मिळतात, जिओबुक किंवा प्राइमबुक ह्या नावांनी बघितले असतील. दिसायला लॅपटॉप, आतून मोठा मोबाइल. लहान पोरांच्या अभ्यासाला ठीक आहेत, पण आमच्या एका ओळखीच्या ठेकेदाराने टेंडर भरायला तसला आणला आणि टोकन खोचून अर्धा दिवस बसला बिचारा, काहीच होईना.

२. 'बजेट ब्रँड' म्हणजे नक्की काय ते समजून घ्या

लोक दोन वेगळ्या गोष्टींना एकच नाव देतात. एक म्हणजे एचपी, लेनोवो, डेल, असुस, एसर ह्यांची सगळ्यात खालची मॉडेलं. दुसरी म्हणजे मुळातच स्वस्तासाठी ओळखली जाणारी नावं, चुवी, इन्फिनिक्स, झेब्रॉनिक्स अशी. त्याच पैशात दुसऱ्या गटात रॅम जास्त, स्टोरेज जास्त, कधीकधी धातूची बॉडी पण मिळते. पहिल्या गटात मिळतं ते जाळं, म्हणजे सर्व्हिस सेंटर, पार्ट, आणि गावातला रिपेअरवाला ज्याने ते मॉडेल आधी दहा वेळा उघडलेलं असतं.

नाव टिकेल का हा प्रश्न पण असतोच. अमेरिकेत १९९८ च्या सुमाराला ई-मशीन्स नावाचा अगदी स्वस्त कॉम्प्युटरचा ब्रँड निघाला, भरपूर खपला, २००४ मध्ये गेटवेने घेतला, २००७ मध्ये गेटवेसकट एसरकडे गेला, आणि २०१३ पर्यंत ते नावच बंद झालं. स्वस्तातली नावं अशी येतात-जातात. तुमच्या मशीनला तीन वर्षांनी बॅटरी लागेल तेव्हा ते नाव असेल का, हा विचार पैसे देण्याआधी करायचा.

पण मोठं नाव आहे म्हणजे सगळ्यात खालचं मॉडेल पण चांगलंच असणार, असं अजिबात समजू नका. माझा पहिला फसलेला लॅपटॉप मोठ्या नावाचाच होता.

३. स्पेसिफिकेशनच्या ह्या ओळी वाचायला शिका

स्टोरेज. सगळ्यात आधी हेच बघा. 'ईएमएमसी' असं लिहिलं असेल तर घेऊ नका, संपला विषय. ती मोबाइलमधल्यासारखी साठवणीची चिप, आतल्या मुख्य बोर्डला (मदरबोर्डला) सोल्डर केलेली असते, बदलता येत नाही, एसएसडी नावाच्या वेगवान डिस्कपेक्षा बरीच हळू, आणि बहुतेक वेळा ६४ किंवा १२८ जीबीच असते. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये मुलाची शाळा ऑनलाइन झाली तेव्हा दुकानात जे शिल्लक होतं ते आणलं, ४ जीबी रॅम, ६४ जीबी ईएमएमसी, सेलेरॉन एन४०२० प्रोसेसर. पहिल्या दिवशी छान पळालं. ६४ जीबीतले दाखवतानाच ५८ दाखवत होतं, त्यातले निम्मे विंडोजने खाल्ले, मग पहिलं मोठं अपडेट आलं आणि 'जागा अपुरी आहे' म्हणून थांबलं. मी फोटो पुसले, डाउनलोड पुसले, शेवटी ऑफिस काढून टाकलं तेव्हा अपडेट झालं, आणि झाल्यावर परत जागा शिल्लक नाही. दर दोन-तीन महिन्यांनी हाच तमाशा. शाळेचा तास सुरू व्हायच्या आधी पंधरा मिनिटं पोरगं मशीन चालू करून दात घासायला जायचं, परत येईपर्यंत स्क्रीनवर निळं गोल फिरतंच असायचं.

तर एसएसडी पाहिजे, कमीत कमी २५६ जीबी, जमलं तर ५१२. विंडोजमध्ये ५१२ चे ४७६ आणि २५६ चे २३८ दिसतात, ते मोजायच्या पद्धतीमुळे, दुकानदाराने फसवलेलं नसतं.

रॅम. ८ जीबीच्या खाली जाऊ नका. विंडोज ११ हे ४ जीबी रॅमवर चालतं असं कंपनीच सांगते, आणि चालतं पण, लंगडत. त्याहून महत्त्वाचं म्हणजे रॅम वाढवता येते का ते विचारा. पातळ मॉडेलांत ती सोल्डर केलेली असते. एक सोल्डर आणि एक रिकामा स्लॉट असला तरी उत्तम. "नंतर वाढवू की" म्हणून ४ जीबीचं घ्यायचं आणि मग रॅम, त्यात मजुरी, त्यात अजून काही असं करत बसायचं म्हणजे चार आण्याची कोंबडी बारा आण्याचा मसाला. त्यात २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव चढलेत, त्यामुळे लागेल तेवढी घेतानाच घ्या.

प्रोसेसर. इथे दुकानदार "इंटेल आहे मॅडम" एवढंच सांगतो. सेलेरॉन एन४०२० आणि एन४५०० दोन कोरवाले आहेत (कोर म्हणजे प्रोसेसरचे काम करणारे हात), टाळा. २०२३ मध्ये आलेला इंटेल एन१०० चार कोरचा आहे, वीज कमी खातो आणि वरच्या यादीतली सगळी कामं नीट करतो, आमचा तिसरा लॅपटॉप ह्याच्यावरच आहे. त्याच्या वर आय३-१२१५यू मिळत असेल आणि तीन-चार हजारांचाच फरक असेल तर डोळे झाकून तो घ्या, सहा कोरचा आहे.

एएमडीमध्ये एक गंमत आहे. रायझन ३ ७३२०यू नाव ऐकून नवाकोरा वाटतो, सात हजारी मालिका ना. पण त्या चार आकड्यांतला तिसरा आकडा आतली पिढी सांगतो. तो २ असेल तर आत झेन २ आहे, म्हणजे २०१९ ची रचना. घरकामाला वाईट नाही, पण नवीन म्हणून जास्त पैसे मोजू नका, आणि ह्या प्रोसेसरला रॅम कायम सोल्डरचीच असते हे लक्षात ठेवा.

बॅटरी. छोटे ब्रँड मोबाइलसारखं '५००० एमएएच' असं मोठ्ठ्या अक्षरात छापतात. ह्या आकड्यावरून काही कळत नाही, व्होल्टेजने गुणल्याशिवाय. ७.६ व्होल्टने गुणून हजाराने भागलं तर ३८ वॉट-तास होतात, आणि ३८ म्हणजे साधारणच. दोन लॅपटॉप शेजारी ठेवायचे तर वॉट-तासच बघा.

स्क्रीन. 'टीएन' पॅनेल असेल तर बाजूने बघताना रंग उलटे-पालटे दिसतात. दुकानात मशीन टेबलावर ठेवा आणि उभं राहून वरून बघा, चेहरे निगेटिव्हसारखे दिसले तर सोडून द्या. सासरे खुर्चीत मागे रेलून बघतात, त्यांना पहिल्या मशीनवर महाराज कायम निळसर दिसायचे.

४. मॉडेल पसंत पडलं की आधी सर्व्हिस सेंटरला फोन लावा

हे कुणीच करत नाही. पैसे देण्याआधी करायचं.

कंपनीच्या साइटवर पिनकोड टाकून जवळचं सर्व्हिस सेंटर शोधा आणि तिथे खरंच फोन लावा. साइटवर पत्ता असतो, पण फोन उचलणारा म्हणतो आम्ही फक्त मोबाइल बघतो, किंवा ते सेंटर कधीच बंद झालेलं असतं. फोन उचलला तर तीन प्रश्न विचारा. अमुक मॉडेलचं काम तुमच्याकडे होतं की तुम्ही नुसतं पुढे पाठवता? बॅटरी आणि कीबोर्ड वॉरंटी संपल्यावर मिळतात का, साधारण किती पडतात? माझ्या पिनकोडला घरी येऊन दुरुस्ती मिळते का मीच आणून द्यायचा?

शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा. वॉरंटी 'ऑनसाइट' आणि 'कॅरी-इन' अशी दोन प्रकारची असते. ऑनसाइट म्हणजे माणूस घरी येतो, पण ते तुमच्या पिनकोडपर्यंत आहे का ते बघावं लागतं, पुण्यात असतं, आमच्या इथून दोन गावं पलीकडे नसतं.

आता माझ्या दुसऱ्या लॅपटॉपची गोष्ट ऐका. २०२२ ला घेतला, एसएसडी, ८ जीबी, सगळं बघून. चौदाव्या महिन्यात एका संध्याकाळी झाकण उघडताना 'कट्' असा आवाज आला आणि उजव्या कोपऱ्यात स्क्रीनची चौकट सुटी होऊन वर आली. आत बघितलं तर हिंजचा स्क्रू ज्या पितळी नटमध्ये बसतो तो नटच प्लास्टिकमधून उपटून आला होता, ज्वारीच्या दाण्याएवढा असेल. वॉरंटी दोन महिन्यांपूर्वी संपलेली, आणि असती तरी हिंज तुटणं म्हणजे 'फिजिकल डॅमेज' म्हणून बहुतेक वेळा हात वर करतात. सेंटर पुण्याला. कुरिअरने पाठवला, एकोणीस दिवस तिकडे, आणि निरोप आला की नुसतं मागचं कव्हर मिळत नाही, आख्खी डिस्प्ले असेंब्ली बदलावी लागेल, नऊ हजार. नाकापेक्षा मोती जड! परत मागवला. इथल्या रिपेअरवाल्या दादाने साडेचारशे रुपयांत नट परत बसवून भोवती एम-सील थापलं, वर म्हणाला, "वहिनी, आता दोन्ही हातांनी उघडायचा, मधे धरून." आज तीन वर्षं होत आली, चालतोय. ब्रँडचं नाव घेत नाही, कारण दादाच्या टेबलावर त्याच दिवशी वेगवेगळ्या कंपन्यांचे अजून तीन तसेच पडलेले होते.

म्हणून अजून एक करा, गावातल्या रिपेअरवाल्याला विचारा. दुकानवाल्याला नाही, रिपेअरवाल्याला. कुठलं मॉडेल त्याच्याकडे जास्त येतं आणि कुठल्याचे पार्ट मिळतात हे तो दोन मिनिटांत सांगतो.

५. नवाच हवा का? रिफर्बिश्ड पण बघा

त्याच पंचवीस हजारांच्या आत ऑफिसातून निघालेले, नीट करून परत विकायला ठेवलेले लॅपटॉप मिळतात, थिंकपॅड टी४८०, डेल लॅटिट्यूड ५४९०, एचपी एलिटबुक ८४० जी५ ही नेहमीची नावं. हिंज लोखंडासारखे, कीबोर्ड मस्त, रॅम-एसएसडी बदलता येते, पार्ट मुबलक. मुंबईत लॅमिंग्टन रोडला ह्यांची रांगच लागलेली असते. आमचा तिसरा नवा घेतला तो फक्त सासऱ्यांना हलका पाहिजे होता म्हणून, नाहीतर मी हेच घेतलं असतं.

पण इथे फसायच्या जागा जास्त आहेत, त्या अशा.

इंटेलची आठवी पिढी किंवा पुढची पाहिजे. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ अधिकृतपणे आठव्या पिढीपासून पुढेच चालतं. काही दुकानदार सहाव्या-सातव्या पिढीवर जुगाड करून ११ टाकून देतात. दिसतं छान, पण पुढची मोठी अपडेट आपोआप येत नाहीत. आय५-८२५०यू मधला पहिला ८ म्हणजे आठवी पिढी, ६२०० किंवा ७२०० दिसलं तर नको.

बॅटरी जुनीच असणार, तिचे दोन-तीन हजार वेगळे धरा.

आणि मशीन तुमच्यासमोर रिसेट करायला लावा. सुरुवातीच्या सेटअपमध्ये इंटरनेट जोडल्यावर एखाद्या कंपनीचं नाव येऊन तिथला लॉगिन मागितला तर ते मशीन त्या कंपनीच्या नोंदीतून मोकळं झालेलं नाही. कितीही स्वस्त असो, हात लावू नका. बायोसला, म्हणजे विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या सेटिंगला, पासवर्ड आहे का ते पण तिथेच बघा.

६. जाताना सोबत काय न्यायचं, येताना काय आणायचं

नेताना:
- एक पेनड्राइव्ह, सगळे यूएसबी पोर्ट तपासायला
- वायरवाले इअरफोन
- मोबाइलचा हॉटस्पॉट, दुकानाच्या वायफायवर अवलंबून राहू नका
- तुमचा स्वतःचा मेल आयडी आणि पासवर्ड (हे का ते आठव्या पायरीत)
- कामांची ती यादी

आणताना:
- पक्कं जीएसटी बिल, त्यावर मॉडेल आणि सिरियल नंबर छापलेला. कॉम्प्युटरवर १८ टक्के जीएसटी आहे, "बिलाशिवाय घ्या, कमी करतो" म्हणाले तर वॉरंटीवर पाणी सोडताय हे समजून घ्या
- वॉरंटी कार्ड असेल तर त्यावर शिक्का आणि तारीख
- खोका, थर्माकोलसकट, निदान वर्षभर तरी
- चार्जरचा फोटो, त्यावरचे व्होल्ट-अँपिअर दिसतील असा

शेवटच्यावर हसू नका. छोट्या ब्रँडच्या चार्जरची पिन वेगळीच असते, हरवला की गावात मिळत नाही, आणि चुकीच्या व्होल्टेजचा लावला तर मशीन जातं. टाइप-सीने चार्ज होणारं मॉडेल मिळालं तर ही कटकटच नाही, मी आता ह्याला बरेच गुण देते.

ऑनलाइन मागवत असाल तर खोका उघडतानाचा व्हिडिओ काढा, सलग, लेबलापासून स्क्रीन चालू होईपर्यंत. बऱ्याच ठिकाणी लॅपटॉपला रिफंड नसतो, फक्त बदलून मिळतो, तोही ठरावीक दिवसांत आणि तपासणीनंतर, तर ती अट ऑर्डर करण्याआधी वाचा.

७. पहिल्या आठवड्यात मशीनला दामटा

नवीन आहे म्हणून जपून वापरू नका, उलट बदलून मिळायची मुदत आहे तोपर्यंत खूप वापरा. जे बिघडायचं ते आत्ताच बिघडू दे.

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. त्यात परफॉर्मन्समध्ये जाऊन प्रोसेसरचं नाव, रॅम किती, स्लॉट किती वापरात आणि डिस्क 'एसएसडी' दाखवते का हे बिलाशी ताडून बघा. सेटिंग्जमध्ये सिस्टीम, मग अॅक्टिव्हेशन, तिथे विंडोज अॅक्टिव्ह आहे का बघा. 'डॉस' म्हणून विकलेल्या मशीनमध्ये विंडोज येतच नाही आणि मग दुकानदार कुठलं तरी टाकून देतो, तेव्हा डॉसवालं स्वस्त दिसलं तरी विंडोजची किंमत मिळवून हिशोब करा.

क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर आहे, एसएसडी किती तास चाललीय ते दाखवतं. नव्या मशीनमध्ये चारशे तास दिसले तर ते नवं नाही.

बॅटरीसाठी सर्चमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि इंग्रजीत पॉवरसीएफजी, मग एक स्पेस, मग स्लॅश आणि लगेच बॅटरीरिपोर्ट असं टाइप करून एंटर मारा. एक फाइल तयार होते. तिच्यात मूळ क्षमता आणि आत्ताची पूर्ण चार्ज क्षमता असे दोन आकडे असतात. नव्यात ते जवळजवळ सारखे पाहिजेत, रिफर्बिश्डमध्ये दुसरा निम्मा असेल तर बॅटरीचे पैसे भावातून कापून घ्या.

मग पांढरी, काळी, लाल अशी पूर्ण स्क्रीनभर चित्रं लावून ठिपके बघा, नोटपॅडमध्ये एकेक बटण दाबा, व्हिडिओ कॉल करून कॅमेरा-माइक बघा. आणि एका दुपारी दोन तास यूट्यूब लावून ठेवा, खाली हात लावून बघा. कोमट होणं ठीक, मांडीवर ठेवता येईना इतका तापला तर बदला.

हे सगळं करून पण मशीनसोबत आलेलं सॉफ्टवेअर डोळे झाकून तसंच ठेवू नका. २०२४ मध्ये काही स्वस्त मिनी पीसींमध्ये कारखान्यातूनच मालवेअर, म्हणजे व्हायरससारखं चोरटं सॉफ्टवेअर, आलेलं सापडलं होतं. अगदी अनोळखी नावाचं मशीन असेल तर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून विंडोज उतरवून कोरं टाकून घ्या, आणि बँकेचं काही त्याआधी उघडू नका.

८. सेटअप स्वतःच्या नावावर करा, दुकानदाराच्या नाही

हा खड्डा आताच्या काळातला आहे आणि फार वाईट आहे. "मॅडम, सगळं सेट करून देतो" म्हणून दुकानातलं पोरगं त्याच्याच कुठल्या तरी मेल आयडीने लॉगिन करतं. विंडोज ११ मध्ये आता बऱ्याच मशीनवर डिस्क आपोआप एन्क्रिप्ट, म्हणजे कुलूपबंद, होते आणि तिची रिकव्हरी की (कुलूप उघडायचा आकडा) त्या मेल आयडीच्या खात्यात जाऊन बसते. उद्या एखाद्या अपडेटनंतर मशीनने ४८ आकडी की मागितली तर ती तुमच्याकडे नाही, त्या पोराकडे आहे, आणि त्याने नोकरी सोडलेली असते. माझ्या सहकाऱ्याचे मुलीच्या लग्नाचे फोटो असेच गेले.

तर स्वतःच्या आयडीने लॉगिन करा, नंतर मायक्रोसॉफ्टच्या खात्यात जाऊन रिकव्हरी की बघा आणि बिलाच्या मागे लिहून ठेवा.

मशीन 'एस मोड'मध्ये असेल तर स्टोअरबाहेरचं काही टाकता येत नाही. त्यातून बाहेर पडायला पैसे लागत नाहीत, फक्त परत आत जाता येत नाही, तशी गरजही पडत नाही.

मराठीसाठी वेगळं काही विकत घेऊ नका. सेटिंग्जमध्ये भाषा म्हणून मराठी जोडा आणि कीबोर्ड 'मराठी फोनेटिक' निवडा, इंग्रजी अक्षरांनी टाइप होतं. एक्सेल-वर्ड ट्रायलवर असेल आणि महिन्याने पैसे मागायला लागलं तर लिब्रेऑफिस फुकट आहे, घरच्या कामाला पुरतं.

९. रोजचं सांभाळणं

झाकण नेहमी मधे धरून उघडा. कोपऱ्याला धरलं की सगळा ताण एका हिंजवर येतो, आणि स्वस्त मशीनमध्ये तो हिंज प्लास्टिकमध्ये रोवलेला असतो. पोरांना हे शंभर वेळा सांगा.

गादीवर ठेवून वापरू नका, खालची जाळी बंद होते. ताट उपडं घालून त्यावर ठेवा, आमच्याकडे जुना पाट आहे.

पावसाळ्यात आठवडाभर बंद ठेवू नका, रोज थोडा वेळ चालू करा. आणि मुंग्या! माझ्या मावशीकडे चिपळूणला लॅपटॉपच्या बाजूच्या जाळीतून लाल मुंग्यांनी आत घर केलं होतं, बिस्किटाचा चुरा कीबोर्डमध्ये, अजून काय पाहिजे त्यांना. चालू केल्यावर एकेक करून बाहेर यायला लागल्या. खाताना लॅपटॉप बाजूला, एवढं पुरे.

वीज जाते-येते त्या गावात लॅपटॉपला यूपीएस लागत नाही, बॅटरी आहे, पण चार्जर चांगल्या स्पाइक बोर्डवर लावा आणि विजा चमकायला लागल्या की काढा.

१०. बिघडलाच तर

वॉरंटीत असेल तर आधी कंपनीच्या साइटवर किंवा टोल फ्रीवर तक्रार नोंदवा आणि नंबर घ्या, नुसतं दुकानात जाऊन "बघतो, पाठवतो" वर राहू नका. तोंडी काही नको, सगळं मेलवर. नुसतीच टोलवाटोलवी चालली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ ला फोन करा, मराठीत बोलता येतं. त्यानेही नाही जमलं तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही आणि वकील लागतोच असं नाही. बिल, तक्रार नंबर, मेल आणि जॉबशीट (मशीन घेताना सर्व्हिस सेंटर देतं ती पावती) एवढं जपून ठेवलेलं असलं की पुरतं, बहुतेक वेळा हेल्पलाइनच्या टप्प्यावरच समोरचे जागे होतात.

सर्व्हिसला देण्याआधी डेटा दुसरीकडे काढून घ्या, ते सरळ फॉरमॅट मारतात आणि तशी सही पण आपल्याकडून घेतात. वर-खाली-बाजूने फोटो काढा, आधीचे ओरखडे दिसतील असे. आणि जॉबशीटवर काय-काय दिलं ते स्वतः वाचून लिहून घ्या, 'चार्जरसह' हा शब्द विसरू नका. आमचा एक चार्जर अजून पुण्यातच आहे.